पेशी किती, आणि वेग किती?

सूक्ष्मदर्शकाखाली एकामागून एक अशा दोन काचपट्ट्या ठेवल्या जातात. दोन्हींवर कमरेच्या हाडातून काढलेली अस्थिमज्जा पसरलेली आहे आणि दोन्हींत प्लाझ्मा पेशींचे प्रमाण शंभरात पंधराच्या आसपास आहे. सरावलेल्या डोळ्याला या पेशी ओळखायला वेळ लागत नाही. आकार अंडाकृती, रंग गडद निळा, केंद्रक मधोमध न राहता एका कडेला सरकलेले, त्याला लागून एक फिकट जागा, आणि केंद्रकातले द्रव्य घड्याळाच्या तबकडीवर आकडे मांडावेत तसे कडेकडेने गोळा झालेले. पहिली पट्टी ज्याची, त्याला पुढची दहा वर्षे या आजारासाठी एक गोळीही लागणार नाही, असे होऊ शकते. दुसरी ज्याची, त्याचा मणका वर्षभरात दबेल किंवा मूत्रपिंडे काम करेनाशी होतील. पेशी दिसायला सारख्या, संख्येनेही जवळपास सारख्या. नुसते मोजून दोघांतला फरक हाती लागत नाही.

हा फरक बऱ्याच अंशी वेगाचा असतो. त्या पेशींपैकी या घडीला किती पेशी दुभंगण्याच्या तयारीत आहेत, हे कळले तर दोन माणसांच्या पुढच्या वाटा वेगळ्या ओळखता येतात. हा वेग मोजण्याची खटपट गेली पन्नासहून अधिक वर्षे चालू आहे. या काळात रुग्णांना किती उपयोग झाला आणि अडचण नेमकी कुठे आली, या दोन्ही गोष्टी समजून घेण्यासारख्या आहेत.

प्लाझ्मा पेशी मुळात आपल्या रक्षणासाठी असते. शरीरात जंतू शिरला की बी-लिम्फोसाइट नावाच्या पांढऱ्या पेशी जाग्या होतात, भराभर दुभंगतात आणि त्यांतल्या काहींचे रूपांतर प्लाझ्मा पेशींत होते. पूर्ण वाढलेली प्लाझ्मा पेशी स्वतः दुभंगत नाही. ती अस्थिमज्जेत ठाण मांडते आणि सेकंदाला हजारोंच्या हिशेबाने प्रतिपिंडे तयार करते. निरोगी माणसात या पेशी वेगवेगळ्या वंशांच्या असतात, म्हणून प्रतिपिंडेही नाना तऱ्हेची असतात. एखाद्या पेशीत बिघाड होऊन तिचीच पिलावळ वाढू लागली, तर ती सगळी पिलावळ एकच एक प्रथिन रक्तात सोडत राहते. प्रथिनांच्या इलेक्ट्रोफोरेसिस तपासणीत त्याचा टोकदार उंचवटा दिसतो. रिपोर्टवर ‘एम-बँड’ किंवा ‘एम-स्पाइक’ असे लिहून येते ते हेच.

पण एम-बँड दिसला म्हणजे कर्करोग झाला, असे नव्हे. ही गोष्ट जगाला पटवून देण्यात अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकचे डॉ. रॉबर्ट काइल यांचा वाटा मोठा आहे. त्यांच्याआधी स्वीडनचे यान वाल्डेनस्ट्रॉम अशा स्थितीला ‘निरुपद्रवी’ म्हणत असत. काइल यांनी २४१ जणांचा वर्षानुवर्षे पाठपुरावा करून १९७८ मध्ये दाखवले की बहुतेकांना काही होत नाही, पण काहींना पुढे मायलोमा, म्हणजे प्लाझ्मा पेशींचा कर्करोग, होतो, आणि कोणाला होईल हे सुरुवातीला सांगता येत नाही. म्हणून त्यांनी या स्थितीला ‘अर्थ अजून न ठरलेली’ असे नाव दिले. डॉक्टर तिला ‘एमगस’ म्हणतात. पुढे मिनेसोटातल्या ओल्मस्टेड काउंटीत पन्नाशीपुढच्या २१,४६३ रहिवाशांचे रक्त तपासले, तेव्हा ३.२ टक्के लोकांत एमगस सापडला. अशा माणसांपैकी दरवर्षी साधारण एक टक्का लोकांचा आजार पुढे सरकतो.

मायलोमा मात्र पूर्वीपासूनच भीतीदायक आजार म्हणून ओळखला जातो. १८४४ मध्ये लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात ३९ वर्षांची एक बाई मरण पावली. आजारपणात नवऱ्याने तिला उचलून बिछान्यावर नेले, तेवढ्यात तिच्या मांड्यांची हाडे मोडली होती. दुसऱ्याच वर्षी त्याच शहरातल्या एका व्यापाऱ्याची लघवी हेन्री बेन्स जोन्स यांच्याकडे तपासायला आली. तिच्यातले प्रथिन तापवल्यावर साकळे, उकळल्यावर विरघळे आणि निवल्यावर पुन्हा साकळे. हाडे पोखरणारा आणि मूत्रपिंडे चोंदवणारा हा आजार तेव्हापासून वैद्यकाला माहीत आहे.

एका टोकाला एमगस, दुसऱ्या टोकाला हाडे मोडणारा मायलोमा. मधल्यांचे काय करायचे, हा प्रश्न १९७० च्या दशकात फारच टोचणारा झाला. तेव्हाचे मुख्य औषध मेलफालान. त्याने मायलोमा आटोक्यात येई, पण काइल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० मध्येच लिहून ठेवले होते की हे औषध घेतलेल्या काही रुग्णांना नंतर तीव्र रक्तकर्करोग झाला. म्हणजे ज्याला औषधाची गरजच नव्हती, त्याला ते दिले तर आपणच त्याला दुसऱ्या कर्करोगाच्या दारात नेऊन उभे करण्याचा धोका होता. वर्गवारी नीट करणे ही तेव्हा माणसाच्या जीवाशी थेट जोडलेली बाब होती, आजही आहे.

वेग मोजायचा तर कसा? दुभंगत असलेल्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली ओळखता येतात, कारण त्यांची गुणसूत्रे स्पष्ट दिसू लागतात. पण ही अवस्था तासाभरात आटोपते. मायलोमाच्या पेशी मुळात इतक्या सावकाश वाढतात की पट्टीवर अशी पेशी क्वचितच सापडते. तेव्हा आणखी मागे जावे लागते. दुभंगण्याआधी पेशीला आपल्या डीएनएची दुसरी प्रत तयार करावी लागते आणि या कामाला कित्येक तास जातात. पेशीच्या आयुष्यात असा वेगळा टप्पा असतो, हे लंडनच्या हॅमरस्मिथ रुग्णालयातल्या अल्मा हॉवर्ड आणि स्टीफन पेल्क यांनी १९५३ मध्ये एका शेंगभाजीच्या मुळांवर प्रयोग करून दाखवले. त्यालाच पुढे ‘एस-टप्पा’ म्हणू लागले. १९५७ मध्ये हर्बर्ट टेलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तशाच मुळांना किरणोत्सारी थायमिडीन पाजले. थायमिडीन हा डीएनएचा घटक. ज्या पेशी प्रत काढत होत्या त्यांनीच तो उचलला, आणि फोटोच्या इमल्शनवर त्यांच्या जागी चांदीचे काळे कण उमटले.

हीच युक्ती रुग्णाच्या अस्थिमज्जेवर लागू झाली. शंभर प्लाझ्मा पेशींपैकी किती पेशींवर खूण उमटली, त्या आकड्याला ‘लेबलिंग इंडेक्स’ म्हणतात. आपण त्याला खूण-निर्देशांक म्हणू.

१९७० च्या दशकातच अॅरिझोना विद्यापीठात सिडनी सालमन आणि ब्रायन ड्युरी दुसऱ्या बाजूने या प्रश्नाला भिडले होते. मायलोमाची एक सोय अशी की प्रत्येक पेशी तेच एक प्रथिन रक्तात टाकते. एक पेशी दिवसाला किती प्रथिन बनवते हे प्रयोगशाळेत मोजायचे, रुग्णाच्या शरीरात दिवसाला एकूण किती बनते हे काढायचे, आणि भागाकार करून शरीरातल्या एकूण रोगपेशींचा अंदाज बांधायचा. प्रगत अवस्थेत हा आकडा शरीराच्या दर चौरस मीटर पृष्ठभागामागे एक लाख कोटींच्या वर जातो. या हिशेबावर १९७५ ची ड्युरी-सालमन अवस्थांची पद्धत उभी राहिली आणि पुढची तीस वर्षे जगभर वापरली गेली. १९८० मध्ये त्यांच्याच गटाने दाखवले की पेशींचा साठा आणि त्यांचा वेग या दोन्ही गोष्टी एकत्र पाहिल्या तर रुग्णाच्या भवितव्याचा अंदाज अधिक पक्का येतो.

त्याच वर्षी काइल आणि फिलिप ग्राइप यांनी सहा रुग्णांविषयी एक छोटा लेख लिहिला. आकड्यांनुसार या सहाही जणांना मायलोमा होता. मज्जेत दहा टक्क्यांहून जास्त प्लाझ्मा पेशी, रक्तात भरपूर एम-प्रथिन. तरीही पाच आणि त्याहून अधिक वर्षे त्यांना काहीच झाले नव्हते. हाडे शाबूत, मूत्रपिंडे ठणठणीत, उपचार शून्य. पेशींचा खूण-निर्देशांक मात्र कमी होता. ही स्थिती ‘स्मोल्डरिंग’, म्हणजे धुमसणारा मायलोमा, म्हणून वैद्यकात रूढ झाली. सहा माणसांच्या त्या निरीक्षणामुळे पुढे असंख्य लोक वेळेआधी केमोथेरपी सुरू होण्यापासून वाचले.

किरणोत्सारी थायमिडीनची पद्धत मात्र किचकट होती. इमल्शनवर खुणा उमटायला दिवसच्या दिवस जात. १९८२ मध्ये ब्रोमोडिऑक्सियुरिडीन या पदार्थाला अचूक ओळखणारे प्रतिपिंड तयार झाले आणि काम सोपे झाले. हा पदार्थ थायमिडीनसारखाच असतो, फक्त एका जागी ब्रोमीनचा अणू. प्रत काढणाऱ्या पेशीला फरक कळत नाही आणि ती तो डीएनएत गुंफते.

मेयो क्लिनिकमध्ये ग्राइप यांच्या प्रयोगशाळेत ही तपासणी नित्याची झाली. कमरेच्या मागच्या हाडातून सुईने ओढलेली मज्जा या पदार्थासोबत तासभर उबेत ठेवायची. मग पेशी काचेवर पसरायच्या आणि त्यांना दोन रंगांची चकाकणारी प्रतिपिंडे लावायची. पहिला रंग प्लाझ्मा पेशीच्या अंगातल्या प्रथिनाला चिकटतो. हे प्रथिन काप्पा जातीचे किंवा लॅम्डा जातीचे असते. निरोगी मज्जेत दोन्ही जातींच्या पेशी मिसळलेल्या असतात, रोगपेशी मात्र सगळ्या एकाच जातीच्या. दुसरा रंग प्रत काढणाऱ्या केंद्रकाला चिकटतो. मग तंत्रज्ञ अंधाऱ्या खोलीत सूक्ष्मदर्शकाशी बसतो आणि एकाच जातीच्या पाचशे पेशी मोजतो. ज्यांचे अंग एका रंगाने आणि केंद्रक दुसऱ्या रंगाने उजळले आहे, त्या वेगळ्या टिपतो. मज्जेत रक्ताच्या इतर कोवळ्या पेशी सतत दुभंगत असतात, त्यामुळे दोन्ही रंग एकाच पेशीत दिसणे आवश्यक. नाहीतर भलत्याच पेशींचा वेग मोजला जाईल.

पाचशेत पाच पेशी उजळल्या की निर्देशांक एक टक्का. नव्याने निदान झालेल्या मायलोमात एवढा आकडा ‘जास्त’ मानला गेला. आपल्या मनात कर्करोग म्हणजे बेफाम वाढ असे चित्र असते. इथे मात्र शंभरातली एक पेशी कामाला लागली तरी डॉक्टर सावध होतात आणि बहुसंख्य नव्या रुग्णांचा आकडा त्याही खाली असतो. पुढे मेयोच्या जोखीम-वर्गवारीत तीन टक्क्यांहून जास्त निर्देशांक अतिजोखमीचे लक्षण ठरला. प्लाझ्मा पेशी रक्तात उतरून होणारा प्लाझ्मा सेल ल्युकेमिया हा या आजारांपैकी सर्वांत आक्रमक. त्यात पेशींचा वेगही चढा असतो.

जास्त वेगाच्या रुग्णांत आणखी एक गोष्ट दिसत असे. औषध सुरू केल्यावर त्यांच्यात गुण लवकर दिसे, कारण बरीचशी औषधे दुभंगणाऱ्या पेशींवरच घाव घालतात. पण आजार परतही लवकर येई. म्हणून पहिल्या दोन-तीन महिन्यांत एम-प्रथिन झपाट्याने उतरले, तर डॉक्टरांना तेवढ्याने निश्चिंत होता येत नसे.

वेग हाच एकमेव निकष मानला तर मात्र फसगत होते. डेंग्यूचे उदाहरण घ्यावे. आपल्याकडे पावसाळ्यात डेंग्यू झालेल्या माणसाच्या रक्तात प्लाझ्मा पेशींची कोवळी रूपे प्रचंड संख्येने दिसतात आणि ती जोरात दुभंगत असतात. तिथला वेग मायलोमापेक्षा कितीतरी जास्त असतो, तरी तो शरीराचा निरोगी प्रतिसाद आहे आणि काही दिवसांत ओसरतो. उलट एएल अमायलॉइडोसिस नावाच्या आजारात प्लाझ्मा पेशी थोड्या असतात आणि सावकाश वाढतात. पण त्यांचे वेडेवाकडे घडी पडलेले प्रथिन हृदयात आणि मूत्रपिंडात साचते आणि माणूस दगावू शकतो. म्हणून पेशी एकाच वंशाच्या आहेत का आणि अवयवांना इजा झाली आहे का, हे दोन प्रश्न वेगाच्या प्रश्नासोबतच विचारावे लागतात.

वेग मोजण्याची दुसरी वाट जर्मनीतल्या कील शहरातून निघाली. योहानेस गेर्डेस आणि सहकाऱ्यांनी १९८३ मध्ये एक प्रतिपिंड वर्णिले, जे फक्त वाढीच्या चक्रात असलेल्या पेशींच्या केंद्रकाला चिकटे. त्यावरून त्या प्रथिनाला केआय-६७ हे नाव पडले. ‘केआय’ म्हणजे कील आणि ६७ हा प्रयोगातल्या खळगीचा क्रमांक. स्तनाच्या कर्करोगाच्या रिपोर्टमुळे हे नाव आता पुष्कळ घरांत ओळखीचे झाले आहे. ही तपासणी साठवलेल्या तुकड्यावरही होते, जिवंत पेशी लागत नाहीत, ही तिची मोठी सोय. पण ती चक्रातल्या सगळ्याच पेशी मोजते, फक्त प्रत काढणाऱ्या नव्हे. त्यामुळे तिचा आकडा खूण-निर्देशांकापेक्षा बराच मोठा येतो. दोन्ही आकडे शेजारी ठेवून तुलना करण्यात अर्थ नाही. शिवाय मज्जेत सीडी१३८ या प्लाझ्मा पेशींच्या खुणेसोबतच ती करावी लागते, नाहीतर पुन्हा शेजारच्या कोवळ्या पेशी हिशेबात घुसतात.

एवढी उपयोगाची तपासणी जगभर का पसरली नाही? कारणे साधी आहेत. मज्जा ताजी लागते, कुशल माणूस लागतो आणि मोजणी पाचशे पेशींवर बेतलेली असते. दोन पेशी उजळल्या की ०.४ टक्के, पाच उजळल्या की एक टक्का, म्हणजे तीन पेशींच्या फरकाने माणूस एका गटातून दुसऱ्या गटात जातो. ज्या केंद्रात रोज हे काम होते तिथे निकाल भरवशाचे, इतरत्र तसे नाहीत.

पुढे जे झाले त्यात मला ग्राइप यांचा मोठेपणा दिसतो. ज्यांनी हा निर्देशांक घडवला, त्यांच्याच नेतृत्वाखाली २००५ मध्ये मायलोमाच्या अवस्थांची नवी आंतरराष्ट्रीय पद्धत ठरली. १७ संस्थांमधल्या १०,७५० रुग्णांची माहिती तिच्यामागे होती. त्या पद्धतीत खूण-निर्देशांक नाही. फक्त दोन रक्ततपासण्या आहेत: बीटा-२ मायक्रोग्लोब्युलिन आणि अल्ब्युमिन. दोन्ही साध्या, दोन्ही कुठल्याही बऱ्या लॅबमध्ये होणाऱ्या. गरीब देशातल्या रुग्णाचीही अवस्था ठरवता यावी, यासाठी स्वतःच्या आवडत्या मोजमापाला बाजूला ठेवणे सोपे नसते.

वेग मात्र संशोधनातून गेला नाही. लेफ बर्गसाजेल आणि मायकेल क्यूल यांनी २००५ मध्ये दाखवले की पेशीला चक्रात ढकलणारी सायक्लिन-डी कुळातली जनुके जवळपास प्रत्येक मायलोमात, इतकेच नव्हे तर एमगसमध्येही, बिघडलेली असतात. म्हणजे दुभंगायचा मार्ग मोकळा झालेला असतो, तरी बहुतेक पेशी वर्षानुवर्षे थांबून राहतात. त्या का थांबतात, हा आजही या क्षेत्रातला सर्वांत महत्त्वाचा प्रश्न म्हणायला हवा. २००६ मध्ये आर्कान्सा विद्यापीठातल्या संशोधकांनी जनुकांच्या हालचालींवरून मायलोमाचे सात गट पाडले. त्यातल्या एका गटाची ओळखच ‘वाढीचा गट’ अशी होती आणि त्या रुग्णांचे निकाल वाईट होते. मेयोमध्ये काचपट्टीची जागा फ्लो सायटोमेट्रीने घेतली. या यंत्रातून पेशी एकेक करून लेझरसमोरून जातात. पेशीतला डीएनए एका प्रतीपेक्षा जास्त पण दोन प्रतींपेक्षा कमी असला, तर ती प्रत काढण्याच्या टप्प्यात आहे हे यंत्र ओळखते. पाचशेच्या जागी हजारो पेशी तपासल्या जातात आणि तंत्रज्ञाच्या डोळ्यावरचा भार हलका होतो.

हा सगळा प्रश्न आता पुन्हा तातडीचा झाला आहे. धुमसणाऱ्या मायलोमात पहिल्या पाच वर्षांत दरवर्षी साधारण दहा टक्के लोकांचा आजार पेटतो, पुढच्या पाच वर्षांत वर्षाला तीन टक्के, त्यानंतर एक टक्का. पूर्वी या लोकांना फक्त तपासत राहायचे असे. २०१४ मध्ये तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय गटाने नियम बदलले: मज्जेत साठ टक्के प्लाझ्मा पेशी असल्या, रक्तातल्या काप्पा आणि लॅम्डा या मुक्त साखळ्यांचे गुणोत्तर शंभरावर गेले किंवा एमआरआयमध्ये हाडात एकाहून जास्त डाग दिसले, तर त्रास नसला तरी उपचार सुरू करावेत. २०२४ मध्ये ‘अक्विला’ चाचणीने दाखवले की जास्त जोखमीच्या धुमसणाऱ्या मायलोमात डाराटुमुमॅब हे इंजेक्शन आधीच दिले, तर आजार पुढे सरकणे लांबते. पण हे औषध महाग आहे आणि ते तीन वर्षांपर्यंत घ्यावे लागते. ज्याचा आजार पेटणारच नव्हता अशा माणसालाही ते दिले जाईल. सध्याची निवड मज्जेत वीस टक्के पेशी, रक्ताच्या दर डेसिलीटरमागे दोन ग्रॅम एम-प्रथिन आणि मुक्त साखळ्यांचे वीसचे गुणोत्तर अशा मर्यादांवर होते. हे तिन्ही आकडे साठ्याचे आहेत, एकही वेगाचा नाही.

भारतात मायलोमाचे निदान पाश्चात्त्य देशांच्या मानाने तरुण वयात होते आणि पुष्कळदा उशिरा होते. पाठदुखी वयाची म्हणून आणि अशक्तपणा खाण्यापिण्याचा म्हणून महिनोन्‌महिने अंगावर काढला जातो. एस-टप्प्याची मोजणी करणारे यंत्र जिल्ह्याच्या गावी मिळणार नाही. पण वेगाचा एक अंदाज तिथेही मिळू शकतो. एमगस किंवा धुमसणारा मायलोमा निघाल्यावर डॉक्टर ठरावीक महिन्यांनी इलेक्ट्रोफोरेसिस आणि मुक्त साखळ्यांची तपासणी सांगतात. त्या रिपोर्टांमधला एम-प्रथिनाचा चढ म्हणजेच शरीरातल्या रोगपेशींचा वेग. ज्या रुग्णांचे आकडे तपासणीगणिक चढताना दिसतात, त्यांचा आजार पुढे सरकण्याची शक्यता स्थिर आकड्यांच्या रुग्णांपेक्षा जास्त असते. यासाठी तपासणी शक्यतो त्याच लॅबमध्ये करावी, कारण पद्धत बदलली की आकडाही थोडा बदलतो आणि खोटा चढ दिसू शकतो. डॉक्टरकडे जाताना फक्त शेवटचा रिपोर्ट न नेता पहिल्यापासूनचे सगळे न्यावेत. त्यांना बघायचा असतो तो दोन तारखांमधला फरक.